हनुवटीची गाठ

त्या दिवशी मी तेलाची बाटली घेऊन निघाले होते, बाकी काही नाही. संत पारास्केवीच्या चर्चमधला दिवा आमच्या घराकडे आहे. आधी आजी लावायची, मग आई, आणि आईनंतर मी. आमच्या गावात उंबरे नव्वद आणि चर्च चार. चौकातलं मोठं सगळ्यांचं, स्मशानातलं मेलेल्यांचं, टेकडीवरचं मेंढपाळांचं, आणि तंबाखूच्या शेतांमधलं हे एवढंसं माझं. आत दहा माणसं उभी राहिली की अकराव्यानं उंबऱ्याबाहेरूनच क्रूसाची खूण करायची आणि घरी जायचं.

जुलै होता. तंबाखूच्या दिवसांत आम्ही पहाटे तीनला शेतात असतो. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, सावलीत बसून ती ओवायची, आणि बारा वाजले की सगळं गाव खिडक्या लावून झोपतं. त्या वेळी बाहेर पडू नये म्हणतात. रात्रीचं आम्हाला एवढं भय नाही, रात्री कुत्री जागी असतात. भर दुपारी कुत्रीही जीभ बाहेर टाकून पडलेली असतात, पान हलत नाही, आणि माणसाला स्वतःची सावलीसुद्धा सोबतीला नसते. मी मात्र मुद्दाम याच वेळी निघते. अडुसष्ट वर्षांच्या बाईला 'कुठं चाललीस' असं विचारणारं त्या वेळी कुणी जागं नसतं.

चर्चच्या भिंतीला लागून आमची छपरी आहे, पानं ओवायची. तिथून आवाज आला.

कच्... सर्र. कच्... सर्र.

हा आवाज मी झोपेतही ओळखते. लांब दाभण पानाच्या देठातून जाते तो कच्, आणि भरलेल्या दाभणीवरची पानं दोऱ्यावर सरकवतात तो सर्र. मला वाटलं, लाम्ब्रिनी असेल. लाम्ब्रिनी म्हणजे माझी भाची, माझ्या भावाची मुलगी. एवढ्या उन्हात कशाला बसलीस म्हणून तिला चार शब्द सुनवावेत, असा विचार करत मी दारातून डोकावले.

आत हिरव्या तंबाखूचा उग्र वास होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक, आंबलेल्या वाइनचा. माझ्या बुटक्या स्टुलावर एक पुरुष पाठमोरा बसला होता. काळा सूट, खांद्यावर माती. डोक्याभोवती पांढरा रुमाल, हनुवटीखालून वर नेऊन टाळूवर गाठ मारलेला.

सूट मी ओळखला, आणि ती गाठही. तीन वर्षांपूर्वी मीच ती मारली होती, माझ्या मेलेल्या भावाच्या, वायोसच्या डोक्यावर.

मी ओरडले नाही. तोंडातून भलतंच निघालं, "ते माझं स्टूल आहे."

त्यानं मान वळवली नाही. कच्... सर्र. मी चर्चमध्ये गेले, दिव्यात तेल घातलं. अर्धं जमिनीवर सांडलं. मग कडी लावून शेताच्या बांधाने घरी आले, आणि वाटेत एकदाही मागे पाहिलं नाही.

आता गाठीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी बावीस वर्षांची असताना नदीपलीकडच्या गावातून मला मागणी आली. मुलाचं नाव आर्गिरिस, बाप खोगिरं करायचा. मला तो आवडला होता, हे आज सांगायला कसली लाज? मी लग्नासाठी सहा रुमाल भरले, निळ्या काठाचे. साखरपुडा ठरला, आणि आठवड्याभरात निरोप आला की सोयरीक मोडली. कारण कुणी सांगितलं नाही. पुढे दुसरंही स्थळ आलं नाही. मी वायोसच्या घरात राहिले आणि त्याची पानं ओवत राहिले.

अकरा वर्षांनी त्या गावच्या जत्रेला गेले. आर्गिरिसची बहीण समोर आली आणि मला पाहून तिनं क्रूसाची खूण केली. "तू... जिवंत आहेस?" म्हणाली. मग तिनंच सांगितलं. वायोस त्यांच्या अंगणात येऊन, टोपी हातात धरून म्हणाला होता, 'माझी बहीण रात्री रक्त ओकते. तुमची फसवणूक नको म्हणून आलो.' त्यांच्या आईनं त्याचे हात धरून आभार मानले होते. असा सच्चा माणूस!

मी घरी आले. वायोस जेवत होता. मी विचारलं. त्यानं नाकारलंसुद्धा नाही.

"मग पानं कुणी ओवली असती?" तो म्हणाला. "आणि त्याच्यावाचून मेलीस का तू? पाव दे इकडे."

मी पाव दिला. बाकी कशाचं नाही, पण तो पाव हातानं उचलून दिला याचा मला अजून संताप येतो. त्यानंतर तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मी बत्तीस वर्षं पाहिलं. मरेपर्यंत त्यानं 'चुकलं' असा एक शब्द काढला नाही.

तो मेला तेव्हा त्याची बायको आधीच गेलेली, लाम्ब्रिनी रडून रडून कामाची राहिली नव्हती. अंग वाइननं पुसणं, पाय बांधणं, हात बांधणं, तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटी बांधणं, सगळं माझ्याकडे आलं. आमच्याकडे नियम असा की ज्यानं बांधलं त्यानंच, मातीत उतरवण्याआधी, एकेक गाठ सोडायची. एक जरी राहिली तरी देह सुटत नाही, मातीत तसाच्या तसा राहतो. पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. मी पाय सोडले. हात सोडले. मग डोक्याशी वाकले. लोकांना वाटलं, बहीण शेवटचा मुका घेते आहे. मी गाठ आणखी आवळली.

"बोललास तेवढं पुरे," मी त्याच्या कानात म्हटलं, आणि चेहऱ्यावर कापड ओढलं. रुमाल माझ्याच सहांतला होता, निळ्या काठाचा.

तीन वर्षं झाली की आम्ही आमच्या माणसाला वर काढतो. हाडं वाइननं धुतो, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवतो, आणि पेटी स्मशानातल्या चर्चच्या अस्थिघरात जाते. मग तो माणूस खऱ्या अर्थानं सुटला. वायोसची पाळी मे महिन्यात आली. लाम्ब्रिनी आणि दोन शेजारणी खणत होत्या, मी वाइनचा तांब्या धरून उभी होते, पाद्रीबाबा थिमिओस प्रार्थना म्हणत होते. फावडं लागलं आणि लाम्ब्रिनी किंचाळली. वायोस अख्खा होता. हातांची कातडी काळी पडून ताणलेली, नखं शाबूत, सुटाची बटणंसुद्धा लागलेली. चेहऱ्यावरचं कापड उचलायची कुणाची छाती झाली नाही. कापडाखाली टाळूवर गाठीचा उंचवटा होता. तो फक्त मला दिसला, कारण तिथं काय आहे ते मलाच माहीत होतं.

"याला कुणीतरी क्षमा केलेली नाही," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

मग एकेकानं पुढे होऊन खड्ड्यात वाइन ओतली आणि म्हटलं, 'देव त्याला क्षमा करो, मीही केली.' ज्याची बकरी त्यानं मारली होती त्यानंही म्हटलं. शेवटी मी राहिले. मी तांब्या उपडा केला आणि मागे सरले.

"मावशी," पाद्रीबाबा कुजबुजले, "शब्द राहिले..."

"वाइन ओतली ना, पाद्रीबाबा? चांगली होती, घरची."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. बघू दे म्हटलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. देहाला कुशीवर वळवून पुन्हा माती दिली. पाद्रीबाबांनी ठरवलं की उन्हाळाभर त्याच्या नावानं प्रार्थना करायच्या आणि सप्टेंबरात पुन्हा उघडून पाहायचं.

आणि जुलैत तो माझ्या स्टुलावर येऊन बसला.

त्या पहिल्या दुपारनंतर मी रोज गेले. का, ते मलाही सांगता यायचं नाही. घरी बसले असते तर तो जिंकला असता, एवढंच कळत होतं. रोज बाराला आवाज सुरू व्हायचा, आणि चार वाजता गाव जागं झालं की छपरीत एक माळ जास्त टांगलेली असायची. सुबक माळ, पानाला पान जुळलेलं. जिवंतपणी त्यानं दाभण हातात धरली नव्हती, बायकांचं काम म्हणून. आता बसून ओवत होता. खरं सांगू? भीती वाटायची, पाठीवर काटा यायचा, आणि त्याबरोबर बरंही वाटायचं. ओव म्हटलं, ओव. माझी पंचेचाळीस वर्षं भरायला तुला पुष्कळ दुपारी लागतील.

लाम्ब्रिनी माळा पाहून म्हणायची, "आत्या, या वयात दुपारचीही ओवत बसतेस? जरा पडत जा."

"मी नाही ओवत," मी सांगायचे. तिला वाटायचं, म्हातारी फणकारतेय.

याच महिन्यात आन्थीचं प्रकरण झालं. आन्थी लाम्ब्रिनीची मुलगी, बावीस वर्षांची. तिचं लग्न ऑक्टोबरात ठरलं होतं, नदीपलीकडच्या त्याच गावात. मुलाची आई कॉफीला आली. पुढे ठेवलेल्या चेरीच्या मुरंब्याला तिनं चमचा लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"आमचं काही म्हणणं नाही," ती म्हणाली, "पण तुमचा म्हातारा सुटला नाही असं ऐकलं. ज्या घरचा माणूस माती घेत नाही... उद्या नातवंडं व्हायची आहेत. आधी तो विरघळू दे. मग बघू."

ती गेल्यावर लाम्ब्रिनी माझ्या पायाशी बसली. "आत्या, एक शब्द आहे गं. एकच शब्द. बाबांनी तुझं काय वाईट केलं ते मला माहीत नाही, पण माझ्या पोरीनं काय केलंय?"

क्षमेच्या शब्दानं काही झालं नसतं, मला माहीत होतं. गाठ मी मारली होती.

आन्थी भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "आई, नको मागे लागूस. आजी, तुला वाटत नसेल तर म्हणू नकोस. माझ्यासाठी खोटं नको बोलूस. मोडलं तर मोडलं."

तिचा आवाज थोडासुद्धा हलला नाही. पण ताटली ती तिसऱ्यांदा विसळत होती. बाविसाव्या वर्षी मीही अशीच उभी होते, पाठ करून. फरक इतकाच की माझं लग्न वायोसच्या जिभेनं मोडलं, आणि या पोरीचं माझ्या गाठीनं मोडत होतं. त्याचं आणि माझं काम शेवटी एकच झालं होतं, आणि हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

पारास्केवीच्या सणाच्या आदल्या दुपारी मी निघाले. छपरीत वास इतका दाट होता की तोंडात चव आली. कच्... सर्र. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. एवढ्या जवळ पहिल्यांदाच. मानेवरची कातडी वाळलेल्या पानाच्या रंगाची होती.

"वायोस," मी म्हटलं, "क्षमा करायला आलेले नाही. पोरीसाठी सोडते आहे. तोंड मोकळं झालं की तू माग. मागितलीस तर ऐकेन... देईनच असं नाही."

दाभण थांबली.

गाठ बोटांनी सुटेना. मी वाकून दातांनी धरली. जिभेला माती लागली, थंड, विहिरीच्या तळाची असते तशी. गाठ सुटली, रुमाल माझ्या हातात आला, आणि त्याची हनुवटी खाली पडली. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

मी वाट पाहिली. बाहेर एक टोळ किरकिरत होता, तोही थांबला. मग वायोस बोलला. म्हाताऱ्याचा आवाज नव्हता तो. तिशीतला होता, टोपी हातात धरून बोलणाऱ्या माणसाचा, गोड.

"माझी बहीण... रात्री रक्त ओकते..."

त्या क्षणी माझी भीती गेली. इतकी चीड आली की बाकी कशाला जागाच उरली नाही.

"अजून तेच?" मी ओरडले. "बत्तीस वर्षं घरात, तीन वर्षं मातीत, आणि तोंड उघडलं तर हेच? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुझी तर मेल्यावरही गेली नाही! मी अडुसष्ट वर्षांची आहे, वायोस. एकदा खोकले नाही. ऊठ माझ्या स्टुलावरून!"

कुणी नव्हतं. स्टूल होतं, अर्धी माळ होती, आणि दाभण दोऱ्याला लोंबकळत हलत होती. मी स्टुलावर बसले आणि ती माळ पुरी केली. रुमाल कमरेला खोवून घरी आणला.

सप्टेंबरात खड्डा उघडला. दोन महिन्यांत एवढं कसं झालं ते पाद्रीबाबांनाही सांगता आलं नाही. सुटाच्या चिंध्या झालेल्या, आणि आत नुसती हाडं, मेणासारखी पिवळी. आमच्याकडे पिवळं हाड पुण्यवानाचं मानतात. बायका रडल्या, गहू उकडून सगळ्यांना वाटला, मुलाच्या आईनं स्वतः येऊन मूठभर खाल्ला. चेहऱ्यावरचं कापड उचललं तेव्हा मी पुढे झाले. कवटीवर काही नव्हतं.

"मावशी," पाद्रीबाबा डोळे पुसत म्हणाले, "अखेर केलीत क्षमा."

"नाही केली."

"मग हा सुटला कसा?"

"ते त्याला विचारा. तोंड आता मोकळं आहे."

ते हसले, थट्टा समजून. कवटी मी स्वतः धुतली. जबडा सुटा निघाला. तो मी पेटीत सगळ्यांत तळाशी ठेवला, आणि वर हाडांचा भार.

आन्थीचं लग्न झालं. मी नाचले. उरलेले पाच रुमाल तिला दिले. सहावा राखेच्या पाण्यात उकळला, इस्त्री केला आणि खिशात ठेवला. माझ्या हातचा होता, टाकायचा कशाला?

फेब्रुवारीत मृतांच्या शनिवारी मोठ्या चर्चमध्ये नावं वाचली जात होती. 'वायोस' म्हटलं गेलं तेव्हा दुपारचे बारा झाले असतील. माझ्या घशात काहीतरी आलं आणि मी खोकले. एकदाच. रुमालावर लाल ठिपका होता, मसुराच्या दाण्याएवढा. तालुक्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, म्हणाला, "आजी, फुप्फुसं पोरीसारखी आहेत." तेव्हापासून रोज बाराला एकदा खोकला येतो. दुसऱ्या फडक्यावर खोकले तर काही नाही. त्या रुमालावर ठिपका पडतो.

मी लाम्ब्रिनीला आणि आन्थीला बसवून सगळं सांगितलं, गाठीसकट. लाम्ब्रिनीनं उठून माझी कॉफी गरम करून आणली. मी म्हटलं, "मी गेले की हात बांधा, पाय बांधा. हनुवटी बांधायची नाही."

"आत्या, तोंड उघडं राहील. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तिकडे एकाशी बोलायचं आहे मला."

आन्थीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आजी, मी नाही बांधू देणार कुणाला."

हे गेल्या आठवड्यातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिव्यात तेल घालायला गेले आणि खोकला आला म्हणून खिशातून रुमाल काढला. घडी घालून ठेवलेला रुमाल. त्याला गाठ मारलेली होती, आवळून, आणि गाठीखाली रिकामा फास. मी तो हनुवटीला लावून पाहिला. माझ्याच मापाचा होता.

तिथंच उभं राहून मी ती गाठ दातांनी सोडवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती, पुन्हा सोडवली. आजही सोडवली. रोज थोडी जास्त घट्ट असते. असू दे. दात अजून सगळे शाबूत आहेत माझे.